तीन दिवसांचा कोर्स, तीन वर्षांचं लायसन

बडोद्याच्या अंगाला कोयलीची रिफायनरी आहे, बाजव्याला खताचा कारखाना आहे आणि पुढे नंदेसरीत रसायनांची मोठी वसाहत. त्यामुळे इथं 'हेवी'च्या लायनीत आलेला मुलगा आज ना उद्या टँकरवर चढतोच. मग तो नंदुरबार-नवापूरकडून आलेला असो, की वाडी-रावपुऱ्यातल्या घरातला. घरचे विचारतात ते बहुतेक एवढंच, की लायसन कधी हातात येईल. त्या लायसनवरच्या हजार्डसच्या, म्हणजे घातक माल नेण्याच्या, नोंदीसाठी जे तीन दिवस शिकायचं असतं, त्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. हे लिहिण्याचं कारण ते तीन दिवस.

आधी पायऱ्या, कारण इथंच पुष्कळांचं वर्ष वाया जातं. अठराव्या वर्षी हलक्या गाडीचं लायसन काढता येतं. व्यावसायिक म्हणजे ट्रान्सपोर्टचं लायसन वीस वर्षांच्या आत मिळत नाही, आणि हलक्या गाडीचं पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं कच्चंही निघत नाही. म्हणून विसाव्या वर्षी टँकरवर बसायचं असेल, तर हलकं लायसन एकोणिसाव्या वर्षापर्यंत हातात हवं. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर भरायचा. सोबत फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला, आणि फॉर्म ५, म्हणजे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. फॉर्म १-अ मध्ये डॉक्टरने लिहायचं असतं, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का. २०२० मध्ये हा नियम थोडा सैल झाला. सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा आता आड येत नाही, तीव्र असेल तरच येतो. हा दाखला डॉक्टरने न तपासता सही करून दिला, तर त्यात ड्रायव्हरचाच तोटा आहे. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात हे त्याला रस्त्यावर कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेलं बरं.

आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ट्रान्सपोर्टच्या गाडीचं शिक्षण किमान ३० दिवसांचं असायला हवं. दुसरी वाट १ जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांची. तिथं सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असतो, मध्यम आणि जड गाड्यांचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. ज्याला सहा आठवडे काढता येतात त्याने हीच वाट धरावी असं मी सांगेन. नेहमीच्या चाचणीसाठी बडोदेकरांना दरजीपुऱ्याला जावं लागतं. तिथं जाण्याआधी चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता काढण्याचा सराव पक्का करा.

एक शंका सतत येते: 'छोटा टेंपो आहे, त्याला ट्रान्सपोर्टची नोंद लागते का?' सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हा प्रश्न निकाली काढला. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालगाडी हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. पण घातक मालाचे नियम त्या निकालाने सैल झालेले नाहीत. मकरपुऱ्याहून अॅसिडचे कॅन किंवा गॅसचे बाटले घेऊन निघालेल्या पिकअपच्या ड्रायव्हरलाही हजार्डसची नोंद लागते. इथं फार लोक चुकतात. गाडी लहान, म्हणून माल निरुपद्रवी ठरत नाही.

मुदतीचं गणितही बदललंय. साधं ट्रान्सपोर्ट लायसन पूर्वी तीन वर्षांचं होतं, आता पाच वर्षांचं आहे. हजार्डसची नोंद पूर्वी एक वर्षाची होती, आता तीन वर्षांची. मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालू धरलं जायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालवली, की ती बिनलायसनची झाली. जुने ड्रायव्हर अजून 'महिनाभर चालतं' म्हणतात, ते ऐकू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, मग थांबायचं कशाला? मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

साध्या हेवी लायसनवाल्याला या पाच वर्षांत कुठल्याही वर्गात बसावं लागत नाही. डॉक्टरचा दाखला जोडला, फी भरली, की नूतनीकरण झालं. युरोपात ट्रक आणि बसच्या व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांनी ३५ तासांचं शिक्षण घ्यावंच लागतं, नाही तर त्याला धंद्यासाठी गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे कायद्याने ड्रायव्हरला पुन्हा वर्गात आणणाऱ्या वाटा दोनच म्हणाव्यात. लायसन निलंबित झालं तर ते परत मिळण्याआधी करायचा रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा वर्ग, आणि हजार्डसचा कोर्स. पहिला शिक्षा म्हणून येतो. दुसरा कामासाठी म्हणून येतो, म्हणूनच त्यातला एक तासही वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ हा १९९३ च्या दुरुस्तीपासूनचा. घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, आणि राज्य सरकारने मान्य केलेल्या संस्थेतून तीन दिवसांचा कोर्स पास झालेला हवा. पहिले दोन दिवस सावध ड्रायव्हिंग आणि प्रगत कौशल्य, त्यात प्रत्येकाची गाडीवर एकेकट्याने परीक्षा. तिसरा दिवस पूर्ण मालाचा: यूएन नंबर (घातक मालाचा जगभर एकच असलेला नंबर), हॅझकेम कोड (आग-गळतीत काय करायचं ते सांगणारा), ट्रेम कार्ड (मालाच्या संकटकाळच्या माहितीचं), स्फोटाच्या मर्यादा, व्हॉल्व्ह, गळती, आग, प्रथमोपचार, विहिरी-नद्या वाचवणं. अभ्यासक्रम कागदावर खरोखर चांगला आहे. तो पडद्यावरच्या चित्रांत उरकला गेला, की बिघडतो.

अंतरापासून सुरू करू. टँकरला आणि हजार्डस गाडीला स्पीड गव्हर्नर ताशी ६० किलोमीटरवर बांधलेला असतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर गेलेच. हवेचा ब्रेक पेडल दाबल्याबरोबर चाकापर्यंत पोचत नाही, त्यात अर्धा सेकंद, म्हणजे आणखी आठ मीटर. गाडी थांबायला सुरुवात होण्याआधीच ३३ मीटर संपले. म्हणून टँकरने पुढच्या गाडीपासून पाच सेकंद अंतर राखावं. मोजायची रीत सोपी आहे. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी किंवा खांबापाशी गेली, की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं म्हणायला लागा. पाच पुरे होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. पावसात सात मोजा. त्या मोकळ्या जागेत एखादी कार घुसते हे खरं. ती घुसली, की पाय उचलून पुन्हा पाच मोजायचे. दिवसभरात त्यापायी काही मिनिटं जातात, त्याहून जास्त नाही.

टँकर आणि ट्रक यांतला खरा फरक पोटातल्या मालाचा आहे. पोती बांधून ठेवता येतात, पातळ माल बांधता येत नाही. टाकी पूर्ण भरलेली असली, तर आत हलायला जागा थोडी. पूर्ण रिकामी असली, तर हलायला माल नाही. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. ब्रेक मारल्यावर माल आधी पुढे येऊन आपटतो, मग मागे जाऊन परत येतो. गाडी सिग्नलला थांबलेली असताना मागून कोणी ढकलल्यासारखा जो हिसका बसतो, तो हाच. आतले आडवे पडदे, म्हणजे बॅफल, पुढे-मागे होणारा हेलकावा मोडतात. डाव्या-उजव्या बाजूचा हेलकावा ते मोडत नाहीत, आणि गाडी उलटते ती त्या बाजूच्या हेलकाव्याने.

अर्धी टाकी नेमकी कधी होते, हे एका उदाहरणाने पाहू. दहा चाकी, तीन अॅक्सलच्या गाडीचं कायदेशीर एकूण वजन २८.५ टन. टाकीसकट रिकामी गाडी १० टन धरली, तर माल १८.५ टन. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलोच्या आसपास, म्हणजे तेवढ्या वजनात २५ हजार लिटर पेट्रोल बसतं. ९८ टक्के सल्फ्युरिक अॅसिडची घनता १.८४, म्हणजे तेवढ्याच वजनात फक्त दहा हजार लिटर अॅसिड. पोट भरायच्या आधी वजन भरतं. म्हणून अॅसिडच्या टाक्या मुळातच लहान बांधलेल्या असतात. हलक्या मालासाठी बांधलेली मोठी टाकी जड मालाला लावली, तर दोनच गोष्टी होतात. माल वजनाप्रमाणे भरला, तर टाकी अर्ध्याहून रिकामी राहते आणि वळणावर गाडी हेलकावते. टाकी भरली, तर गाडी ओव्हरलोड होते. भरतीच्या ठिकाणी ड्रायव्हरने एवढं विचारावं: 'मालाची घनता किती, आणि टाकी किती टक्के भरणार?' वजनकाट्याच्या चिठ्ठीवर ही दुसरी गोष्ट येत नाही.

वळणावरचा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसऐवजी तीसने वळलात, तर तो जोर निम्म्याच्या जवळ येतो. बडोद्याच्या गोल्डन चोकडीच्या, म्हणजे हमरस्त्यावरच्या चौकाच्या, रॅम्पसारख्या गोल वळणावर वेग वळणात शिरण्याआधी कमी करायचा, सरळ रस्त्यावर असतानाच. वळणात शिरल्यावर ब्रेक मारला, तर माल एकाच वेळी पुढे आणि बाहेर जातो, आणि आतल्या बाजूची मागची चाकं हलकी होतात. स्टिअरिंगवर बसलेल्याला ती हलकी झालेली कळत नाहीत, कारण पुढची चाकं अजून जमिनीवर असतात. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हवेच्या ब्रेकची तपासणी रोज सकाळी, पाच मिनिटांची. चाकांना अडण लावा, इंजिन चालू करून दाब पूर्ण भरू द्या, मग इंजिन बंद करा. पार्किंग ब्रेक सोडून पेडल एक मिनिट एकसारखं दाबून धरा आणि काट्याकडे पाहा. काटा डोळ्यांना दिसेल असा खाली सरकत असेल, तर कुठेतरी हवा गळतेय, गाडी बाहेर काढायची नाही. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून दाब उतरवा आणि धोक्याचा दिवा व बझर लागतात का पाहा. शेवटी हवेच्या टाक्यांचं पाणी काढा. ते पाणी पाईपांत आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं, की गंज धरतो, ब्रेक उशिरा लागतो किंवा उशिरा सुटतो. पाण्याबरोबर काळं तेल आलं, तर कॉम्प्रेसर तेल सोडतोय, मेकॅनिकला सांगा. घाटाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या फेरीत बोर घाट लागतो, इंदूरच्या फेरीत झाबुआकडचा माछलिया घाट. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) चालू, आणि पायाचा ब्रेक मधूनमधून, थोडा वेळ पण ठामपणे. पाय सतत टेकवून ठेवला, तर लाइनर तापून गुळगुळीत होतो आणि ब्रेक धरत नाही. पेडल भराभर मारत राहिलं, तर हवा कॉम्प्रेसर भरतो त्याहून लवकर संपते, आणि दाब फार उतरला, की स्प्रिंग ब्रेक आपोआप चाकं जखडतो. भरल्या टाकीसह उतारावर चाकं अचानक जखडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता तिसरा दिवस. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जो चौकोनी फलक असतो, त्यावर मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, यूएन नंबर किमान १०० मिलिमीटर उंच आकड्यांत, किमान २५० मिलिमीटर बाजूचं वर्गचिन्ह, आणि संकटात करायचे फोन नंबर लागतात. ही मापं दुरून वाचता यावं म्हणून आहेत. अग्निशामकचा माणूस वाऱ्याच्या बाजूने, लांबून, धुरातून तो नंबर वाचणार असतो. चिखलाने भरलेला फलक कामाचा नाही. फेरीला निघताना काच पुसतो तसा तोही ओल्या फडक्याने पुसायचा. नंबर ओळखीचे हवेत: १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक अॅसिड, १७८९ हायड्रोक्लोरिक अॅसिड, १८२४ कॉस्टिक सोड्याचं द्रावण, १२३० मिथेनॉल. या भागातल्या रोजच्या मालाचा बराचसा भाग एवढ्यात येतो.

हॅझकेम कोड वाचायला अवघड वाटतो, पण त्याला दहा मिनिटं पुरतात. पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो. १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फोम, ४ कोरडं साधन, पाणी अजिबात नाही. पुढचं अक्षर पी, आर, एस, टी यांपैकी असेल, तर सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करता येतो. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल, तर तो अडवून धरायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. शेवटी ई असेल, तर आसपासची माणसं हलवण्याचा विचार करायचा. पेट्रोलचा कोड ३वायई. फोम वापरा, अडवा, माणसं हलवा. सल्फ्युरिकचा २पी. यावरून कोणी समजेल, की अॅसिडवर पाण्याची बादली ओतली तरी चालेल. तसं करू नका. पाणी पडल्यावर ते उकळून उडतं. भरपूर पाण्याने पातळ करणं हे पूर्ण पोशाख घातलेल्या अग्निशामक दलाचं काम आहे. ड्रायव्हरच्या हाती असते ती माती आणि वाळू. तिचा बांध घालायचा, म्हणजे ओघळ विश्वामित्री नदीत किंवा शेताच्या विहिरीत जाणार नाही.

अॅसिडच्या टाकीबद्दल एक गोष्ट कोर्समध्ये मुद्दाम विचारून घ्या. तीव्र सल्फ्युरिक अॅसिड लोखंडी टाकीत सुखरूप राहतं. पातळ झालेलं अॅसिड मात्र लोखंड खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर थोडंसं पाणी मारून 'धुतली' म्हणणं जिवावर बेतू शकतं. तळाला राहिलेलं अॅसिड पातळ होतं, टाकीत हायड्रोजन साठतो, आणि कोणी झाकणाजवळ वेल्डिंगची ठिणगी पाडली, की स्फोट होतो. टाकीचं दुरुस्तीकाम टाकी पूर्ण साफ करून, गॅस मोजल्यावरच. पेट्रोलचंही असंच आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हा पेट घेते. भरलेल्या टाकीच्या वरच्या जागेत वाफ त्याहून दाट असते. रिकामी होत असताना हवा आत येते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. म्हणून न धुतलेल्या रिकाम्या टाकीवरचा फलक काढायचा नसतो. त्याच टाकीत नंतर डिझेल भरायचं असेल, तर राहिलेल्या पेट्रोलच्या वाफेमुळे डिझेलची भरतीही पेट्रोलच्याच सावधगिरीने करावी लागते. इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, अर्थिंगची क्लिप (टाकीवर साठलेली वीज जमिनीत सोडणारी) सगळ्यात आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची. ही क्लिप रंग दिलेल्या पत्र्याला लावली, तर लावून न लावल्यासारखीच. ती उघड्या धातूला घट्ट बसली पाहिजे.

ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाची संकटकाळची माहिती, केबिनमध्ये हाताशी असलं पाहिजे. माल पाठवणाऱ्याने माहिती द्यायची, मालकाने ती ड्रायव्हरला समजावायची आणि ड्रायव्हरने जवळ ठेवायची, अशी जबाबदारी नियमांत वाटून दिलेली आहे. कार्ड इंग्रजीतच मिळालं, तर भरतीच्या ऑफिसात हिंदी, गुजराती किंवा मराठी प्रत मागा. आपल्याला जी भाषा वाचता येते तीत. घाबरलेल्या माणसाला शिकलेली भाषा आठवत नाही, घरची आठवते. कार्ड सीटखालच्या पेटीत ठेवू नका. गाडीतून उडी मारावी लागली तर ते गाडीतच राहतं. दाराच्या आतल्या खिशात ठेवा, आणि क्लीनरलाही जागा माहीत असू द्या.

गळती झाली तर क्रम पाठ असावा. जमेल तर वस्तीपासून आणि नाल्यापासून दूर थांबा. इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, चाकांना अडण. मग वारा. मूठभर कोरडी माती वरून सोडा किंवा रुमाल धरा, आणि वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला जा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, क्लोरीन तर अडीचपट जड. दोन्ही खोलगट जागेत, नाल्यात, पुलाखाली साचतात, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूला आणि उंचावर. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण टाकीतून निघताना इतका थंड असतो, की पांढरा ढग सुरुवातीला जमिनीलगतच पसरतो. 'हलका आहे, वर जाईल' या भरवशावर उभं राहू नका. मग फोन: ११२, आणि फलकावरचा नंबर. पहिल्या वाक्यात जागा आणि यूएन नंबर सांगा, बाकीचं नंतर. जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणं ड्रायव्हरवर नियमानेच बंधनकारक आहे. अंगावर अॅसिड उडालं तर कपडे काढून किमान पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाणी. सोडा, चुना असलं काही चोळायचं नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढंच पाणी, आणि मग १०८.

२० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर रस्त्यावर भांकरोट्याला एलपीजीचा टँकर यू-टर्न घेत असताना ट्रक येऊन आदळला. टँकरच्या भरती-उतरणीच्या तोट्या तुटल्या, गॅस रस्त्याभर पसरला आणि मग पेटला. आसपासच्या कितीतरी गाड्या जळाल्या, बरीच माणसं गेली. आपल्या टँकरच्या तोट्या कुठे आहेत, वळताना कुठली बाजू रस्त्यावर आडवी राहते आणि किती सेकंद राहते, हे प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या गाडीभोवती फिरून पाहावं. पुढची चोकडी पाच किलोमीटरवर असली तरी तिथं जाऊनच वळावं. मालकांनीही डिझेलचा हिशेब मांडताना ते पाच किलोमीटर धरावेत.

कागदांत होणाऱ्या चुका थोडक्यात. कोर्सचं प्रमाणपत्र खिशात असणं पुरेसं नाही, त्यावरून लायसनवर नोंद करून घ्यावी लागते. तपासणीत गाडी अडते ती बहुधा इथं. संस्था राज्याची मान्यता असलेली आहे का, हे फी भरण्याआधी विचारा. लायसनवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत वडिलांचं नाव किंवा आडनाव मागेपुढे असेल, तर आधी ते सरळ करा. हजार्डसच्या नोंदीच्या नूतनीकरणासाठी लागणारा एक दिवसाचा रिफ्रेशर मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यात जागा मिळत नाही. नोंद नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. छोट्या मालकाचा धंदा एवढ्यात बसू शकतो.

झोपेबद्दलही वर्गात बोललं गेलं पाहिजे. दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे माप १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने घातलं. जांबुव्याच्या पुलावर दोन तास कोंडीत अडकलेला ड्रायव्हरही त्या वेळेत कामावरच असतो, ते तास विश्रांतीत धरायचे नाहीत. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतं, चहाने ती फार तर थोडी पुढे ढकलली जाते. वीस मिनिटं गाडी सुरक्षित जागी लावून घेतलेली डुलकी चहापेक्षा जास्त कामाची.

तीन वर्षांनी रिफ्रेशरला जाल तेव्हा हात हलवत जाऊ नका. सध्या जो माल नेता त्याची ट्रेम कार्डं सोबत न्या, आणि आपल्या टाकीच्या व्हॉल्व्हचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. शिकवणाऱ्यांना म्हणा, 'सर, माझ्या याच मालाचं सांगा.' आणि अग्निशामक बाटला खऱ्या आगीवर स्वतःच्या हाताने वापरू द्या, असा आग्रह धरा. नऊ किलोचा पावडरचा बाटला अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. पहिल्यांदाच वापरणाऱ्याची निम्मी पावडर ज्वाळांच्या वर उडून जाते, कारण नेम बुडाशी धरायचा असतो हे हाताला ठाऊक नसतं. गाडीच्या हादऱ्यांनी बाटल्यातली पावडर तळाशी दाबून बसते. महिन्यातून एकदा तो काढून उलटा करायचा, बुडाला हाताने चार थापा मारायच्या, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहायचं आणि परत अडकवायचा. गॅसची आग असेल आणि गॅस बंद करता येत नसेल, तर ती विझवायची नाही. विझल्यावर गॅस तसाच निघत राहतो आणि दुसरी ठिणगी शोधतो.